बघून शिकायचं, पण नेमकं काय बघायचं?



७ ऑगस्ट २०२१ हा दिवस तुम्हाला आठवत असेलच. टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भाला फेकला आणि सुवर्णपदक मिळवलं. पुढे शाळा भरल्या तेव्हा आमच्या मैदानावर ज्याच्या त्याच्या हातात तुराटी! मुलं पळत यायची, तुराटी फेकायची आणि नीरजसारखी पुढे हातांवर पडायची. पडणं सगळ्यांना छान जमायचं. तुराटी मात्र चार हातांवरच!

हसू नका, मीही तेच केलं. शिक्षकांच्या क्रीडा स्पर्धेसाठी व्हिडिओ बघून सराव केला. ८०० ग्रॅमचा भाला नुसत्या हाताच्या जोरावर फेकला आणि खांदा असा दुखावला की तीन आठवडे फळ्यावर लिहिता येईना. मुलंच फळा लिहायची. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही तर व्हिडिओ बघितला होता ना?"

तिचा प्रश्न लागला मला. बघितला होता, पण काय बघितलं होतं?

मग तोच व्हिडिओ मोबाईलवर अगदी हळू करून पाहिला. एकदा फक्त पाय, एकदा फक्त कंबर, एकदा फक्त हात. तेव्हा कळलं, भाला आधी पायांनी फेकला जातो. धावताना हात मागे लांब राहतो. शेवटच्या पावलाला डावा पाय ताठ रोवला जातो. तिथे पळण्याचा वेग अडतो आणि कमरेतून, छातीतून खांद्याकडे चढतो. हात सगळ्यात शेवटी येतो. आणि ते पडणं? ते फेक झाल्यावर रेषेच्या आत थांबण्यासाठी. पुढची रेषा ओलांडली की फेक बाद!

म्हणजे आम्ही शेवट उचलला होता आणि सुरुवात सोडून दिली होती.

नीरजही असाच बघून शिकला. ९८.४८ मीटरचा विश्वविक्रम करणाऱ्या यान झेलेझ्नीचे व्हिडिओ तो बघायचा. पुढे तोच झेलेझ्नी त्याचा प्रशिक्षक झाला. पण नुसतं बघून नाही भागत, त्याच्यामागे वर्षांचा सराव आहे.

तुम्हीही कोणाचं बघून शिकत असाल तर एका वेळी एकच गोष्ट बघा. ती सावकाश करून बघा. मग कोणाला तरी तुमचा व्हिडिओ काढायला सांगा. दुखलं तर लगेच थांबा, माझ्यासारखा हट्ट करू नका.

पहिलीत अक्षर गिरवताना आपण हेच सांगतो ना? आकार नंतर, आधी पेन्सिल कुठून निघते ते बघ. मुलांना रोज सांगतो ते मी स्वतःच विसरलो होतो.

यंदाही माझा नंबर नाही आला. पण दुसऱ्या दिवशी फळा मीच लिहिला!