शाळेतली पंगत

'पंक्तिप्रपंच' हा आपल्या भाषेतील एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्या दोघांपैकी एकाच्या पानात तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानाशी येताच वाढप्याचा हात आखडता, असे घडले की आपली वडीलधारी माणसे या शब्दाने त्याचा निषेध करीत. पानावर बसलेल्यास त्याची ऐपत विचारावयाची नाही, ही आपल्या घरांतील जुनी रीत. वाचकहो, ही घरगुती रीत राज्यकारभारासही किती उपयोगी पडते, हे मला शाळेतील माध्यान्ह भोजनाने शिकविले. त्याविषयीच आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

गरीब घरातील मुलास साहाय्य करावे, याविषयी कोणाचे दुमत नसते. प्रश्न असतो तो ते कसे करावे हा. आधी गरीब कोण ते निवडावे, दाखले तपासावे आणि मग त्यांनाच द्यावे, हा एक मार्ग. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलास सारखेच द्यावे, हा दुसरा. पहिला मार्ग काटकसरीचा वाटतो खरा. परंतु जो सर्वांत गरजू, त्याच्याच हाती बहुधा दाखला नसतो. मजुरीसाठी गावोगाव हिंडणाऱ्या आईबापांस कचेरीचे उंबरठे झिजविण्यास सवड कोठून मिळावी? शिवाय आणखी एक गोष्ट मोठ्यांच्या हिशेबात कधी धरली जात नाही. ती म्हणजे मुलाची लाज.

माझ्या लहानपणी, १९६२-६३ च्या सुमारास, आमच्या शाळेत भुकटीचे दूध येत असे. ते पुरवून वापरावयाचे म्हणून गुरुजी वर्गात येऊन सांगत, "ज्यांच्या घरची गरिबी असेल त्यांनी उभे राहावे." माझ्या शेजारच्या मुलीच्या वडिलांचे गिरणीतील काम सुटले होते. ती पुष्कळदा काही न खाताच शाळेत येई, हे मला ठाऊक होते. तरीही ती उभी राहिली नाही. दप्तरात डोके घालून ती पाटी शोधीत राहिली. पाटी तर तिच्या समोरच होती. वर्ष संपण्यापूर्वीच तिचे शाळेत येणे थांबले.

पुढे लग्न झाल्यावर यजमानांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आम्ही तिरुचिरापल्लीस गेलो. तेथे मला दुसरा मार्ग प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. त्या प्रांताला या कामाची परंपरा जुनी. मद्रास नगरपालिकेने १९२० साली थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत मुलांस दुपारी खाणे देण्यास आरंभ केला होता. पुढे १९५६ साली मुख्यमंत्री कामराज यांनी मद्रास राज्यातील प्राथमिक शाळांसाठी माध्यान्ह भोजनाची योजना हाती घेतली. १ जुलै १९८२ पासून मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा फार मोठा विस्तार केला. शाळेतील मुलांबरोबर दोन ते पाच वर्षांच्या बालकांसही त्यांच्या केंद्रात शिजविलेले अन्न मिळू लागले. एवढा खर्च राज्यास झेपेल काय, अशी शंका त्या वेळी अनेक जाणत्यांनी बोलून दाखविली होती.

आमच्याकडे भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना दोन मुले होती. मोठी मुलगी आठ वर्षांची. धाकट्यास सांभाळण्यासाठी ती घरीच असे. धाकट्याच्या दुपारच्या जेवणाची सोय झाली तशी थोरलीच्या पायांतील बेडी सुटली आणि तीही शाळेत जाऊ लागली. एकदा मी मुद्दाम ती शाळा पाहावयास गेले. मुले आपापली ताटे घेऊन ओळीने बसली होती आणि भात व सांबार वाढले जात होते. कोणासही उभे राहण्यास सांगितले गेले नाही. त्या ओळीत गरीब कोणते मूल, हे मला ओळखता येईना. मला वाटते, त्या योजनेचे खरे यश हेच होते.

१९८५ साली आम्ही स्वप्रांती परतलो आणि मी सोलापूर जिल्ह्यात शिक्षिकेची नोकरी धरली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी देशव्यापी पोषण कार्यक्रम सुरू केला. परंतु बहुतेक राज्यांत शिजविलेल्या अन्नाऐवजी कोरडे धान्यच वाटले जाई: ८० टक्के हजेरी असलेल्या मुलास दरमहा ३ किलो. धान्य घरी गेले की ते साऱ्या कुटुंबाचे होई, आणि मुलाचे पोट दुपारी रिकामेच राही. मधल्या सुट्टीनंतर वर्गातील पेंगुळलेले डोळे मी रोज पाहत होते.

हे चित्र पालटले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास वर्षातून किमान २०० दिवस शिजविलेले अन्न द्यावे, त्यात किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे न्यायालयाने ठरवून दिले. आमच्या शाळेत खिचडीचा वास दरवळू लागला तेव्हा दुपारचा वर्ग जागा झाला. २००३ साली छत्तीसगढ, राजस्थान व कर्नाटक येथे झालेल्या पाहणीत पहिलीत येणाऱ्या मुलांची संख्या वाढल्याचे, आणि त्यातही मुलींची अधिक वाढल्याचे दिसून आले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने तर हे जेवण मुलांचा हक्कच झाले.

एका ताटाचा गुण किती दूरवर पोहोचतो, तेही पाहा. ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळाले, त्या पुढे माता झाल्यावर त्यांच्या मुलांत उंची खुरटण्याचे प्रमाण कमी असते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात आढळले. म्हणजे आज वाढलेला घास नातवंडांच्या अंगी लागतो.

तथापि या पंगतीतही दोष शिरतात, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळले गेले आणि २३ मुले प्राणास मुकली. मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्यांनी अन्न चाखून पाहावे, हा नियम किती जिव्हाळ्याने पाळावयास हवा, हे यावरून कळावे. कोठे दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न नाकारले जाते, तर कोठे मुलांस वेगळे बसविले जाते. याच कामासाठी अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तींस प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले होते. शाळेत एकत्र जेवलेले मूल मोठेपणी भेदाभेद मानण्यापूर्वी एकदा तरी थबकेल, अशी मला आशा वाटते. आणि चुलीपुढे राबणाऱ्या बायकांचे काय? केंद्राने २००९ साली त्यांचे मानधन दरमहा १००० रुपये ठरविले. काही राज्ये त्यात आपली भर घालतात. इतरांच्या मुलांस जेवू घालणाऱ्या मातेची स्वतःची चूल नीट पेटावयास नको काय?

"सुस्थितीतील मुलांस फुकट जेवण कशाला?" असे अजूनही विचारले जाते. त्यावर माझे उत्तर एवढेच की, अशा चार मुलांनी जेवल्याने जे खर्च होते, त्यातून पाचव्याचा मान राखला जातो. आणि मान राखला म्हणजेच ते पाचवे मूल जेवते. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू केली, तीही याच धोरणाने.

वाचकहो, आपण इंदूरला असा, हैदराबादेस असा वा बडोद्यास. आपल्या घराजवळ सरकारी शाळा असेलच. आपली मुले तेथे शिकत नसली तरी एखाद्या दुपारी तेथे अवश्य जावे. डाळ पातळ आहे काय, पाणी स्वच्छ आहे काय, सर्व मुले एकत्र बसली आहेत काय, हे पाहावे. उणे दिसल्यास शाळा व्यवस्थापन समितीच्या कानी घालावे. गुजरातेत 'तिथिभोजना'ची चाल आहे: वाढदिवस वा पुण्यतिथी या निमित्ताने लोक शाळेतील मुलांस गोडधोड वाढतात. आपल्या घरी असा प्रसंग आला तर जरूर तसे करावे. मात्र वाढावयाचे ते सर्वांस, आणि सारखे.