वीतभर दोरा

जानेवारीतली गोष्ट. धाकटीचं विमान रात्री दीडला सुटलं, मुंबई ते न्यूअर्क. तिला सोडून डोंबिवलीला पोचेस्तोवर तीन वाजून गेले. मी पाठ टेकणार, तोच आई म्हणाली, "आत्ता कुठं असेल रे ही?"

कपाटावर माझा शाळेतला पृथ्वीगोल होता. धूळ पुसली तर सोव्हिएत संघ अजून एकसंध, गुलाबी! आईनं मुंबईवर बोट ठेवलं आणि सरळ पश्चिमेला नेलं: अरबस्तान, आफ्रिकेचं डोकं, मग अटलांटिक. "असंच ना?" तिचं चुकलं नव्हतं. भिंतीवरच्या सपाट नकाशावर तेच खरं दिसतं.

गजऱ्याचा दोरा पडला होता. एक टोक तिनं मुंबईवर धरलं, दुसरं मी न्यूअर्कपाशी. ताणला, तसा दोरा आपोआप वर सरकत गेला. फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचं खालचं टोक. गोलावरची जवळची वाट ही अशी, पार पासष्ट अंश उत्तरेला जाऊन उतरणारी. "अगंबाई, एवढ्या बर्फातनं कशाला?" दोरा भरला जेमतेम वीतभर. त्या वीतभरात साडेबारा हजार किलोमीटर.

अर्थात विमान काही दोऱ्याला बांधलेलं नसतं. वारा बघून वाट बदलते, कुणा देशानं आपलं आकाश मिटून घेतलं की लांबचा वळसा पडतो. म्हणून विमानतळांमधलं अंतर एक आणि प्रत्यक्ष कापलेलं दुसरं. मला विचाराल तर किलोमीटरवर विश्वासच ठेवू नये, तास विचारावेत.

पण तासही कुठं सरळ असतात? जायला सोळा तास धरले, तर दीडला निघालेली ही तिथल्या सकाळी सातला उतरणार. घड्याळानं म्हणाल तर साडेपाच तास! बाकीचे साडेदहा दोन देशांच्या वेळांतच जिरतात. साठ अंशांवर पृथ्वी ताशी साडेआठशेच्या आतबाहेर फिरते आणि विमान नऊशेनं तिच्या उलट पळतं, त्यामुळे रात्र मागं पडतच नाही. थंडीत तर जवळजवळ सगळा प्रवास काळोखातच होतो. येताना उलटं. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला वाऱ्याचा झोत वाहतो, हिवाळ्यात कधीकधी ताशी दोनशेच्याही पुढं. तो पाठीशी असला की दीड-दोन तास वाचतात. घड्याळात मात्र एक अख्खा दिवस गडप.

हे सगळं मी आईला मोठ्या हौसेनं सांगितलं. तिनं त्यातलं एवढंच उचललं, की येताना वेळ कमी लागतो.

"लागणारच," म्हणाली. "माहेरची वाट आहे."

वाऱ्याचं मी पुन्हा काढलं नाही.

दिवसभर गोल जेवणाच्या टेबलावरच होता. येताजाता ती बोट टेकवायची. दुपारच्या चहाला बोट आइसलंड ओलांडून गेलं होतं. साडेपाचच्या सुमारास फोन वाजला तेव्हा ती तिन्हीसांजेच्या दिव्यासाठी वाती वळत बसली होती. हात कापसाचे, म्हणून मीच फोन तिच्या कानाशी धरला.

"पोचले गं आई. इथं आत्ता कुठं फटफटतंय."