ग्रहण, गच्ची आणि फोनमधला चंद्र

“पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, जागा भरत नाहीत, आणि तुम्ही चंद्राचे फोटो काढत बसलात?” आमच्या वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विहाराच्या पायरीवर, चार लोकांसमोर मला हे विचारलं. त्यांच्या वयाचा आणि कामाचा मान राखून तिथे मी दोनच वाक्यं बोललो. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. चळवळीतल्या बऱ्याच जणांच्या मनात तो असतो, म्हणून उत्तर इथे लिहितो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. नागपुरातली आम्ही सात-आठ माणसं. एक इलेक्ट्रिशियन, दोघे स्पर्धा परीक्षेवाले, एक बी.एस्सी. करणारी मुलगी, एक रिक्षावाला, बाकी माझ्यासारखे नोकरदार. दुर्बीण नाही. जुन्या बाजारातून घेतलेला १० बाय ५० चा एक बायनॉक्युलर आहे आणि सगळ्यांकडे साधे फोन. बायनॉक्युलरच्या भिंगाला फोनचा कॅमेरा लावून हात न हलवता फोटो काढायचा, एवढंच आमचं तंत्र. काढलेले फोटो रात्री ग्रुपवर येतात आणि त्यावर वाद होतो. नियम एकच आहे. फोटोखाली चार गोष्टी लिहायच्या: कधी काढला, कुठून काढला, कशाने काढला, शटर किती वेळ उघडं होतं. त्या नसतील तर फोटो कितीही देखणा असो, त्यावर कोणी बोलत नाही.

हा नियम आम्ही शिकलो २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली. काही मिनिटांत फोन भरून गेले. कोणी उल्का म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र, कोणी विमान पडलं म्हणालं, आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी अपशकुन झाला म्हणणारेही होतेच. आम्ही ओळखीच्यांचे व्हिडिओ मागवले आणि वेळ व दिशा लिहून घेतली. उल्का बहुधा दोन-चार सेकंदांत विझते. हे तुकडे संथपणे, एकामागे एक, जवळजवळ आडवे जात होते. म्हणजे ती माणसाने वर पाठवलेली आणि आता खाली येणारी वस्तू असणार, एवढं त्या रात्रीच आमच्या लक्षात आलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. आकाशातल्या कचऱ्याचा हिशेब ठेवणाऱ्या जोनाथन मॅकडॉवेल या अभ्यासकाने तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटचा टप्पा असावा असं सांगितलं. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींचा अशा कामाला मोठा आधार असतो. यात कोणाच्याही पत्रिकेचा उपयोग झाला नाही.

आता दुसरी गोष्ट, जी सांगताना काही मित्र नाराज होतील. एका बुद्धपौर्णिमेला आपल्याच ग्रुपांवर एक फोटो फिरत होता. दीक्षाभूमीचा स्तूप आणि त्याच्या मागे घुमटापेक्षा मोठा, लख्ख पांढरा चंद्र. खाली शेकडो ‘जय भीम, नमो बुद्धाय’. मलाही तो पाहून बरं वाटलं, आणि म्हणूनच तो तपासायचा असं आम्ही ठरवलं.

चंद्र आकाशात अर्धा अंश रुंद दिसतो. हात सरळ पुढे धरून करंगळी उभी केली तर ती त्याच्या दुप्पट असते, कोणीही करून पाहावं. याचा अर्थ असा की एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या साधारण ११५ पट अंतरावरून पाहिली की ती चंद्राएवढी दिसते. स्तूपाचा व्यास १२० फूट. म्हणजे चंद्र घुमटाएवढा दिसायला फोटोवाल्याने चार किलोमीटरहून थोडं जास्त दूर उभं राहायला हवं. या फोटोत तर चंद्र घुमटाहून मोठा होता, म्हणजे अंतर आणखी जास्त हवं. आणि फोटोत स्तूपाच्या पायऱ्यांवरच्या माणसांचे चेहरे ओळखू येत होते! बी.एस्सी.वाल्या मुलीने दुसरी खूण काढली. पूर्वेला नुकता उगवलेला चंद्र आपल्याकडे आडवा झालेला असतो. टायको नावाचं विवर, ज्याच्यापासून पांढरे पट्टे निघालेले दिसतात, ते तेव्हा उजवीकडे जरासं खाली असतं. या फोटोत ते थेट तळाला होतं, पुस्तकातल्या चित्रात असतं तसं. तिसरी खूण उजेडाची. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. त्याच्यावरचे डाग स्पष्ट येतील इतकं कमी शटर ठेवलं तर रात्रीचा घुमट काळा पडायला हवा, आणि घुमट उजळवला तर चंद्राचा पांढरा गोळा व्हायला हवा. दोन्ही एकाच फोटोत इतके स्वच्छ? फोटो जोडलेला होता.

आम्ही हे लिहिलं तेव्हा दोन ग्रुपांवर आम्हाला विचारलं गेलं, “तुम्हाला दीक्षाभूमीचं कौतुक बघवत नाही का?” मित्रांनो, कालाम सुत्त आपण भाषणात सांगतो. परंपरेने आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आपला गुरू सांगतो म्हणूनसुद्धा मानू नका. मग आपल्या माणसाने फॉरवर्ड केलं म्हणून तरी का मानायचं? दुसऱ्याची पोथी फाडणं सोपं असतं.

पुढच्या वर्षी आम्ही तो फोटो खरा काढायला गेलो. वैशाखातली पौर्णिमा थोडी आग्नेयेकडे उगवते, त्यामुळे स्तूपाच्या वायव्येकडची उंच गच्ची हवी होती. अशा इमारतीतल्या ओळखीच्या ओळखीने परवानगी मिळाली. नागपूरचा मे महिना, हवेत धूळ. उगवल्यानंतर काही मिनिटं चंद्र दिसलाच नाही. दिसला तेव्हा तो मळकट नारिंगी होता आणि घुमटाच्या बाजूला सरकलेला होता. तो फोटो आमच्याकडे आहे, चारही नोंदींसकट. खोट्या फोटोला मिळाले त्याच्या शंभराव्या हिश्शानेही त्याला अंगठे मिळाले नाहीत. आता तर फोनही बनाव करतात. २०२३ मध्ये एका माणसाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर ठेवून एका नामांकित कंपनीच्या फोनने त्याचा फोटो काढला, तर फोनने चित्रात नसलेले बारकावे आपल्या मनाने भरून दिले. बरं दिसतं म्हणून ते खरं मानायचं का, हा प्रश्न आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

पण त्या ज्येष्ठांना माझं खरं उत्तर ग्रहणाचं आहे.

माझी आजी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातली. तिच्या लहानपणी ग्रहण लागलं की तिचे वडील आणि चुलते टोपली घेऊन गावात जायचे आणि ओरडायचे, “दे दान, सुटे गिऱ्हान!” ही हाक महाराष्ट्रभर महार-मांगांच्या तोंडी होती. राहू-केतूचं नातं आपल्याशी जोडलेलं. ग्रहण म्हणजे सूर्य-चंद्राला झालेला विटाळ, आणि तो फेडायचा तर ज्याला जन्मानेच विटाळ मानलं त्याच्या टोपलीत जुनं कापड आणि मूठभर धान्य टाकायचं. म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडायची आणि तिचा डाग आमच्या पदरात. आजी सांगायची, कापड अंगावर घालण्यासारखं नसायचंच. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडा म्हणून सांगितलं, त्याचं वारं खेड्यात पोचायला काही वर्षं लागली. पोचलं तेव्हा आजीच्या वडिलांनी येसकरकीच्या भाकरीबरोबर ग्रहणाची टोपलीही टाकून दिली. त्यांना खगोलशास्त्र येत नव्हतं. पण टोपली कोणाच्या सोयीची आहे, हे कळलं होतं.

आणि ज्यांना खगोलशास्त्र येत होतं त्यांचं काय? आर्यभटाने पाचव्या शतकाच्या शेवटी ग्रहण सावलीने होतं हे मांडलं. सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्ताला ते गणित उत्तम येत होतं, तरी त्याने राहूची बाजू सोडली नाही. अकराव्या शतकात अल्बेरुनीने यावरच बोट ठेवलं, की एवढा मोठा गणिती, आणि पुरोहितांच्या मताला सांभाळून घेतो. आजचं पंचांग उघडा. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष मिनिटापर्यंत बरोबर असतो, कारण तो सावलीच्या हिशेबाने काढलेला असतो. त्याच्याच शेजारी वेध, स्नान आणि दान लिहिलेलं असतं. हिशेब खरा आणि त्याच्या आडून सांगितलेला अर्थ खोटा. हे अज्ञान नव्हे, हा व्यवहार आहे.

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सुरू झालं. चंद्रग्रहणाचे वेध नऊ तास आधी लागतात म्हणे, म्हणजे दुपारी एकच्या आतच. आमच्या वस्तीत, जिथे दारावर निळा झेंडा आणि भिंतीवर बाबासाहेब आहेत, अशा एका घरातली सात महिन्यांची गरोदर सून दुपारी एकपासून पाण्याविना अंधाऱ्या खोलीत बसवलेली होती. ग्रहण सुटणार रात्री १ वाजून २६ मिनिटांनी. साडेबारा तास. पितृपक्ष पाळायचा नाही ही प्रतिज्ञा घेतलेलं घर, आणि पितृपक्षाच्या तोंडावरचं ग्रहण मात्र कडक.

आम्ही गच्चीवर होतो. ढग येत-जात होते. चिवडा फिरत होता, मुद्दाम फिरवत होतो. साध्या चंद्राला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो, अकरानंतर पूर्ण सावलीत गेलेल्या चंद्राला एक-दोन सेकंदही कमी पडत होते. लाल, तांब्याच्या जुन्या लोट्यासारखा. रिक्षावाल्या मित्राने त्यातला एक फोटो त्या सुनेच्या नवऱ्याला पाठवला आणि नवऱ्याने फोन आत दिला. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला: “भाऊ, हा लाल काहून झाला?”

मी उलट रेकॉर्ड करून पाठवलं. पृथ्वीने सूर्य झाकला तरी तिच्या कडेच्या हवेतून थोडा उजेड वाकून चंद्रावर जातो. निळा रंग हवेत विखुरतो, लाल तेवढा उरतो. त्या क्षणी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवतो आणि मावळतो आहे, त्या सगळ्यांचा तांबडा रंग मिळून तुझ्या फोनमध्ये आलेला आहे. आणि शेवटी म्हणालो, पाणी पी.

खाली गेलो तर सासूबाई दारात उभ्या. “बाळाले काही झालं त तू लिहून देशील का, बापू?” मी म्हणालो, मावशी, ग्रहणाने काही होत नाही हे लिहून देतो. बाळाचा ओठ फाटतो तो कधी अनुवंशाने, कधी आईच्या तंबाखूने, कधी फॉलिक ॲसिड कमी पडल्याने. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्या चालू आहेत का? त्या काही बोलल्या नाहीत. आत पेल्याचा आवाज आला. ती पाणी पीत होती की सासूबाईंनी पेला उचलून ठेवला, हे मला दारातून दिसलं नाही. पण शिष्यवृत्तीच्या मोर्चाला त्या घरातून दरवेळी दोन माणसं येतात. मोर्चा आणि ही खोली या दोन वेगळ्या लढाया आहेत असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी खंडग्रास अवस्थेतल्या फोटोवर आम्ही ताटल्या ठेवून पाहिल्या. सावलीच्या कडेला कोणता गोल बसतो? चंद्राच्या अडीच ते तीन पट मोठा. म्हणजे पृथ्वीची सावली केवढी, हे स्वयंपाकघरातल्या भांड्याने मोजता आलं.

आकाश हा ‘त्यांचा’ विषय आहे, असंही ऐकू येतं. आकाशदर्शनाच्या एका शिबिरात मला आधी आडनाव विचारलं गेलं आणि मग “तुमच्यात हे कोणी करतं?” असं कौतुकाने विचारलं गेलं. त्यांना कल्पना नसावी, पण मुंबईच्या टीआयएफआरचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथलं आकाश लिहून काढलं आहे. त्या आकाशात सप्तर्षी नाहीत. चार ताऱ्यांची खाट आहे आणि ती चोरायला आलेले तिघे आहेत. मृगात नांगर आहे. ज्याने शेत राखलं, रात्रीची पाळी केली, त्याला आकाश माहीत होतंच. फक्त पोथीत त्याचं नाव नव्हतं.

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. १७ जानेवारी २०१६ नंतर आपण त्याचं नाव घोषणेत घेतो, घ्यायलाच हवं. त्याच्या वयाच्या किती पोरांच्या हातात आपण सेगनचं पुस्तक दिलं, हेही कधीतरी मोजायला हवं.

पुढचं काम ठरलेलं आहे. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ ते सहा मिनिटांहून जास्त काळ पूर्ण दिसेल, आपल्याकडे दुपारनंतर सूर्याचा तुकडाच झाकला जाईल आणि पावसाळा असल्याने ढगही असतील. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी, एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा बायनॉक्युलरमधून बघायचं नाही. त्यासाठी प्रमाणित ग्रहण-चष्मेच लागतात, किंवा पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून भिंतीवर प्रतिमा घ्यायची. चष्म्यांची वर्गणी सुरू केली आहे. त्या दिवशी विहार उघडं ठेवायचं आणि गरोदर बायांसाठी खुर्च्या, पाणी आणि जेवण ठेवायचं, असा ठराव समितीपुढे मांडला आहे. दोन सभासदांचा विरोध आहे. त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी अजून बाजू घेतलेली नाही, पण परवा त्यांनी विचारलं, चष्मा केवढ्याला पडतो?