इथे काचेची स्लाइड चालत नाही

हिस्टोलॉजीत माझी इतकी वर्षं गेली की ऊती म्हटलं की मला गुलाबी-जांभळंच दिसतं. जर्मनीत क्वांटम ऑप्टिक्सवाल्यांना उंदराच्या यकृताचे सेक्शन हवे होते, तेव्हा पहिला निरोप आला : रंगवू नका आणि काच विसरा. तीन-चार मायक्रॉनचा अवरक्त प्रकाश साध्या काचेत बराचसा अडतो. त्यांना बघायची होती चरबी. मेणातले सेक्शन झायलीनने धुतले की मेणाबरोबर चरबीही जाते, म्हणून क्रायोस्टॅटवर गोठवून कापले, कॅल्शियम फ्लोराइडच्या चकत्यांवर घेतले आणि वाळवले. कारण पाणीही हा प्रकाश शोषतं.

टेबलावर ६६० नॅनोमीटरचा तांबडा लेझर आणि एक छोटा स्फटिक. त्यात क्वचित एखाद्या फोटॉनचे दोन होतात : एक ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा, दुसरा पावणेचार मायक्रॉनच्या. सेक्शनकडे जातो तो दुसरा. कॅमेऱ्यात येतो पहिला, ज्याने सेक्शन पाहिलेलाही नाही. ‘मग फोटो कशाचा काढताय?’ मी विचारलंच.

लेझर आरशावरून फिरून त्याच स्फटिकातून पुन्हा जातो. जोडी जाताना जन्मली की परतताना, हे कळायला वाव नाही तोवर व्यतिकरण होतं. सेक्शनने दुसरा फोटॉन गिळला, की वाव मिळतो आणि तेवढ्या जागी व्यतिकरण फिकं पडतं. झोऊ, वांग आणि मँडेल यांनी १९९१ मध्ये दाखवलेली ही गोष्ट २०१४ मध्ये व्हिएन्नात मांजराच्या आकृतीवर आणि २०२० मध्ये बर्लिनला उंदराच्या हृदयावर वापरली गेली.

पडद्यावर पाहिलं ते असं : आरसा किंचित सरकवला की यकृत उजळतं, काळवंडतं, चरबीचे पट्टे मात्र ढिम्म. तरंगलांबी तेव्हा ३.४ मायक्रॉनवर आणली होती; तिथे चरबीचे कार्बन-हायड्रोजन बंध प्रकाश खातात, त्याचाच हा परिणाम. रंगाचा थेंबही न लावता! नंतर तरंगलांबी सव्वाचार मायक्रॉनकडे नेली, तर मी टेबलावर वाकलो की सगळंच चित्र मंद व्हायचं. माझ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड.

यावरून निदान करा म्हटलं तर मी करणार नाही. एवढ्या लांब लहरीला केंद्रकाच्या आतली नक्षी दिसत नाही. ‘क्वांटम’ शब्दाचं मला फारसं अप्रूपही नाही. मला पटला तो साधा सिलिकॉनचा कॅमेरा, ज्याला द्रवरूप नायट्रोजन लागत नाही. आता त्यांनी जरा जाड सेक्शन मागितलेत, दहा मायक्रॉनचे.