मँचेस्टरमधील पहिला शनिवार

मूर्तिजापूरच्या माणसाला मँचेस्टर हे नाव परके नाही. यवतमाळ व अचलपूरकडे पूर्वी धावणाऱ्या आपल्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ साली तेथेच घडले आणि १९९४ पर्यंत वऱ्हाडात राबले. तो लोहमार्गही मुळात आपला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीच घातला गेला होता.

उच्च शिक्षणासाठी येथे आल्यावर पहिल्याच शनिवारी, सूर्यास्तापूर्वी परतण्याच्या बेताने, सोबत खाकरे घेऊन मी रॉयल एक्स्चेंज पाहण्यास निघाले. या भव्य दालनात एके काळी हजारो व्यापारी सूत व कापडाचे सौदे करीत. १९६८ साली तो बाजार कायमचा बंद झाला. १९७६ पासून तेथे काच-पोलादाचे, सात बाजूंचे नाट्यगृह जुन्या खांबांच्या आधारे उभे आहे. मात्र अखेरच्या दिवसाच्या भावांचा फलक उंचावर तसाच राखला आहे.

तो वाचताना मला आमची पेढी आठवली. आजोबांनी उभारलेली कापसाची आडत पुढे चालवावी की आवरती घ्यावी, ही चर्चा आमच्या घरी तीन वर्षे चालू आहे. धाकटा भाऊ त्या गादीवर बसण्यास राजी नाही आणि बाबांचे वय आता साठीकडे झुकले आहे.

सायंकाळी मी दूरध्वनीवरून बाबांना फलकाचे वर्णन सांगितले. ते क्षणभर थांबले आणि त्यांनी एवढेच विचारले, “बाजार उठल्यावर त्या व्यापाऱ्यांची मुले पुढे काय करू लागली?”

सोमवारी ग्रंथालयात जाऊन मी प्रथम त्याच प्रश्नाचा शोध सुरू केला.