हरल्याचा एक गुण

१६ एप्रिल २०२४ च्या रात्री डेट्रॉइट रेड विंग्जच्या वाट्याला जे आलं, ते मला अजूनही पटलेलं नाही. ही बर्फावरची हॉकी, अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगची, आणि नियमित हंगामातला डेट्रॉइटचा हा शेवटचा सामना. मॉन्ट्रियलमध्ये संघ एका गोलने मागे होता. घड्याळात तीन सेकंद उरले असताना डेव्हिड पेरॉनने बरोबरी साधली आणि पुढे शूटआउटमध्ये डेट्रॉइटने सामना ५-४ असा जिंकला. आदल्याच रात्री घरच्या बर्फावर याच मॉन्ट्रियलला त्यांनी ओव्हरटाइममध्ये ५-४ असंच हरवलं होतं. दोन रात्रींत चारपैकी चार गुण, आणि तरीही संघ प्लेऑफबाहेर. कारण तिकडे फिलाडेल्फियात वॉशिंग्टन कॅपिटल्सने आपला सामना २-१ जिंकला. दोघांचेही ९१ गुण झाले, आणि ठरलेल्या साठ मिनिटांत कोणी जास्त सामने जिंकले या निकषावर वॉशिंग्टन ३२, डेट्रॉइट २७ असा निकाल लागला. ८२ सामन्यांत वॉशिंग्टनने ४० जिंकले होते, ४२ हरले होते. केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल ३७ ने जास्त. डेट्रॉइटने ४१ जिंकले होते आणि त्यांचा फरक अधिक ४ होता. पहिल्याच फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सनी वॉशिंग्टनला ४-० असं गुंडाळलं.

अशा वेळी चाहत्यांना जे ऐकवलं जातं ते ठरलेलं असतं. हे लोक अधीर आहेत, जिंकले की डोक्यावर घेतात आणि हरले की जर्सी जाळतात. १९९१ ते २०१६ सलग २५ वर्षं प्लेऑफ पाहिल्यावर डेट्रॉइटच्या लोकांनी आता थोडं सोसायला काय हरकत आहे. मला हे म्हणणं मुळातच चुकीचं वाटतं. हॉकीचा चाहता हरण्याला सरावलेला असतो. ३२ संघांतले १६ प्लेऑफला जातात आणि एकच चषक उचलतो, हे त्याला पाठ असतं. तो वैतागतो ते वेगळ्या कारणाने. त्याला महिनोन्‌महिने एक गुणतक्ता दाखवला जातो, त्यात त्याचा संघ दोन-तीन गुणांवर दिसतो, आणि ते अंतर प्रत्यक्षात किती मोठं आहे हे तो तक्ता त्याला कधी सांगत नाही. मार्चमध्ये विझत जाणाऱ्या आशेचा जो त्रास असतो, त्याचा मोठा भाग या तक्त्याने, म्हणजे लीगच्या नियमाने, तयार केलेला असतो.

नियम थोडक्यात असा: साठ मिनिटांत जिंकलात तर दोन गुण, हरलात तर शून्य. पण साठ मिनिटांनंतर बरोबरी असेल तर ओव्हरटाइम किंवा शूटआउट जिंकणाऱ्याला दोन आणि हरणाऱ्यालाही एक. १९९९-२००० च्या हंगामापासून हा हरल्याचा गुण आला, २००५-०६ पासून शूटआउट आला आणि बरोबरीचा निकालच संपला. म्हणजे काही सामने एकूण दोन गुणांचे आणि काही तीन गुणांचे. एकाच स्पर्धेत एका सामन्याची किंमत दुसऱ्यापेक्षा दीडपट कशी असू शकते, याचं समाधानकारक उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही.

फिलाडेल्फियातल्या त्या सामन्यातली शेवटची काही मिनिटं पाहा, म्हणजे हा नियम माणसांकडून काय करवून घेतो ते दिसेल. सामना १-१ असा बरोबरीत आहे. साधारण तीन मिनिटं उरली असताना फिलाडेल्फिया फ्लायर्सनी आपला गोलरक्षक बाहेर बोलावला आणि त्याच्या जागी सहावा हल्लेखोर उतरवला. मागे पडलेला संघ शेवटी हे करतोच, पण बरोबरीत असताना गोल उघडा टाकण्याचं धाडस सहसा कोणी करत नाही. फ्लायर्सना ते करावं लागलं, कारण त्यांचीही प्लेऑफची आशा साठ मिनिटांच्या आत जिंकण्यावरच टांगलेली होती. सामना ओव्हरटाइममध्ये गेला असता तर वॉशिंग्टनला हरूनही एक गुण मिळाला असता आणि मग फ्लायर्सच्या विजयाला काही किंमत उरली नसती. जवळजवळ लगेच वॉशिंग्टनच्या टी. जे. ओशीने पक त्या रिकाम्या जाळीत धाडला. सामना तिथेच संपल्यात जमा होता आणि त्याबरोबर डेट्रॉइटचा हंगामही. हरण्याला एक गुण नसता, तर फिलाडेल्फियाचा गोलरक्षक आपल्या जागी उभा राहिला असता, सामना ओव्हरटाइममध्ये गेला असता, आणि तिथे कोण जिंकलं असतं ते खेळून ठरलं असतं. शेकडो मैलांवर मॉन्ट्रियलच्या बर्फावर धडपडणाऱ्या खेळाडूंचं भवितव्य अशा रिकाम्या जाळीने ठरवावं, यात मला खेळाचा अपमान दिसतो.

पण ती एक रात्र बाजूला ठेवली तरी मूळ दुखणं राहतंच, आणि ते हिशोबाचं आहे. समजा, तुमचा संघ वाइल्ड कार्डच्या, म्हणजे प्लेऑफमधल्या शेवटच्या जागेपासून सहा गुण मागे आहे आणि २० सामने बाकी आहेत. सहा गुण म्हणजे तीन विजय. ऐकायला सोपं वाटतं. पण वरचा संघ थांबून राहत नाही. साधारण चार-पाच सामन्यांमागे एक सामना साठ मिनिटांत सुटत नाही, त्यामुळे अगदी मध्यम संघही सामन्यामागे एकापेक्षा थोडे जास्त गुण मिळवत जातो. २० सामन्यांत सुमारे २२. त्याला गाठायचं तर तुम्हाला ४० पैकी २८ मिळवावे लागतात. पूर्ण हंगामाच्या मापाने ही गती ११५ गुणांच्या घरात जाते, म्हणजे लीगमधल्या अव्वल संघांची. जो संघ फेब्रुवारीपर्यंत मध्यम खेळला, त्याने उरलेले सहा आठवडे अव्वल संघासारखं खेळायचं. त्यातही मध्ये एक नाही, तीन-चार संघ असतात. ते एकमेकांशी खेळतात, आणि त्यांचा सामना ओव्हरटाइममध्ये गेला की दोघंही पुढे सरकतात. रात्री घरी बसून इतर सामन्यांचे निकाल पाहणारा चाहता हे दृश्य पुन्हा पुन्हा पाहतो: आपला संघ जिंकला, वरचा हरला, आणि अंतर फक्त एका गुणाने कमी झालं.

आपल्याकडच्या वाचकाला आयपीएलवरून हे चटकन कळेल. २०२४ मध्ये बंगळुरू आणि चेन्नई दोघांचे १४ गुण झाले आणि १८ मे रोजी चेन्नईला २७ धावांनी हरवून बंगळुरू नेट रनरेटवर पुढे गेलं. चेन्नईचे चाहते हळहळले, पण सुपर ओव्हरमध्ये हरणाऱ्याला तिथे गुण नाही. त्यामुळे तक्त्यातलं अंतर खरं असतं आणि मे महिन्यातली आकडेमोडही खरी असते.

यावर पहिला आक्षेप डेट्रॉइटवरच आहे आणि तो रास्त आहे. कर्णधार डिलन लार्किन दुखापतीने बाहेर बसला त्या सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, हा संघ लागोपाठ सामने हरला; सलग सात पराभव. त्यातला एक जरी जिंकला असता तर ओशीच्या गोलची चर्चाच झाली नसती. नियम सगळ्यांना सारखे आणि आधीपासून माहीत असलेले. दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे. आंतरराष्ट्रीय हॉकीत वापरतात ती पद्धत घ्या: साठ मिनिटांतल्या विजयाला तीन, नंतरच्या विजयाला दोन, नंतरच्या पराभवाला एक. प्रत्येक सामना तीन गुणांचा. मी याच पद्धतीच्या बाजूचा आहे. त्या पद्धतीने त्या हंगामाचा हिशोब केला तर वॉशिंग्टनचे १२३ गुण होतात आणि डेट्रॉइटचे ११८. म्हणजे वर मला जो अन्याय वाटला, तो माझ्याच पसंतीच्या मापाने अन्याय ठरत नाही. डेट्रॉइटच्या ४१ विजयांपैकी १४ ओव्हरटाइम आणि शूटआउटचे होते, जिथे तीन विरुद्ध तीन खेळतात किंवा एकेकटा खेळाडू गोलरक्षकावर चालून जातो. साठ मिनिटांच्या हॉकीत वॉशिंग्टन सरस होतं, हे मान्य करावंच लागतं.

तरी माझा मुद्दा यातून खोडला जात नाही, उलट पक्का होतो. याच हिशोबाने शेवटच्या रात्रीच्या आधी वॉशिंग्टन १२० वर होतं आणि डेट्रॉइट ११६ वर. एका सामन्यात जास्तीत जास्त तीन गुण. म्हणजे प्रामाणिक तक्त्यात डेट्रॉइट आधीच बाहेर पडलेलं असतं. लोकांनी त्या संध्याकाळी दोन-दोन सामने एकाच वेळी डोळ्यांत तेल घालून पाहिले, कारण ८९ आणि ८९ अशी बरोबरी त्यांना दाखवली गेली होती. आता कोणी विचारेल, मग पेरॉनचा तो गोल, तीन सेकंद उरले असतानाचा तो जल्लोष, तो नकोय का तुम्हाला? याचं उत्तर मला सरळ देता येत नाही. तो गोल हवाच वाटतो. पण त्या गोलच्या बदल्यात दरवर्षी डझनभर शहरांतल्या लोकांना सहा आठवडे अर्धवट माहितीवर झुलवत ठेवायचं असेल, तर सौदा महाग आहे.

लीगच्या बाजूने सांगितलं जातं की यामुळे चुरस टिकते, एप्रिलपर्यंत स्टेडियम भरलेली राहतात. उदाहरणही तयार असतं: सेंट लुइस ब्लूज. ३ जानेवारी २०१९ ला लीगमध्ये सगळ्यात तळाशी, आणि जूनमध्ये बॉस्टनला सातव्या सामन्यात हरवून स्टॅन्ली चषक. फ्लोरिडाचंही उदाहरण आहे. २०२३ मध्ये ९२ गुणांवर कसेबसे आत आले, पिट्सबर्ग आणि बफेलो ९१ वर बाहेर राहिले, आणि फ्लोरिडा थेट अंतिम फेरीत. या गोष्टी खऱ्या आहेत आणि सुंदर आहेत. पण ब्लूज वर आले ते मध्येच सलग ११ सामने जिंकून. असा संघ कोणत्याही गुणपद्धतीत वर येतोच. आणि फ्लोरिडाच्या उदाहरणाचा दुसरा अर्थ बफेलोत विचारावा. जी जागा अंतिम फेरीपर्यंत नेऊ शकते, ती एका गुणाने ठरत असेल, तर तो एक गुण जिंकून मिळाला की हरून मिळाला हे बघायला नको? २०२५ मध्ये पश्चिमेकडच्या गटात कॅल्गरी ९६ गुण घेऊन बाहेर राहिलं, बरोबरीच्या निकषावर, आणि पूर्वेकडच्या गटात मॉन्ट्रियल ९१ गुणांवर आत गेलं. ४० विजय आणि ४२ पराभव घेऊन.

लीगच्या नियमांचा सर्वांत वाईट परिणाम आशा पूर्ण संपल्यावर दिसतो. तळाच्या संघाला नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये आधी निवड मिळण्याची जास्त शक्यता असते, म्हणून एका टप्प्यानंतर हरणंच फायद्याचं ठरतं. २६ मार्च २०१५ रोजी बफेलोत, घरच्या प्रेक्षकांनी ॲरिझोनाच्या सॅम गॅग्नरने ओव्हरटाइममध्ये केलेल्या गोलवर टाळ्या वाजवल्या. आपल्याच संघाविरुद्धच्या गोलवर. त्या लोकांना नावं ठेवली गेली, पण त्यांनी केलं ते लीगने आखून दिलेल्या हिशोबाला धरूनच होतं. त्या वर्षी पहिली निवड, म्हणजे कॉनर मॅकडेव्हिड, लॉटरीत एडमंटनला मिळाली. बफेलोला दुसरी, जॅक आयकल. आयकल बफेलोकडून एकही प्लेऑफ सामना खेळला नाही आणि २०२३ चा चषक त्याने व्हेगासकडून जिंकला. २०११ नंतर २०२५ पर्यंत बफेलोचे १४ हंगाम कोरडे गेले, एनएचएलच्या इतिहासातला हा विक्रम. महिलांच्या व्यावसायिक लीगने, पीडब्ल्यूएचएलने, २०२४ मध्ये सुरुवातीपासूनच दोन्ही गोष्टी दुरुस्त केल्या: प्रत्येक सामना तीन गुणांचा, आणि प्लेऑफबाहेर पडल्यानंतर संघ जितके गुण मिळवेल तितकी त्याची ड्राफ्टमधली जागा वर. म्हणजे आशा संपल्यावरही जिंकण्याला अर्थ राहतो आणि तिकीट काढून आलेल्या माणसाला आपल्या संघासाठी ओरडायची लाज वाटत नाही. नव्या लीगला पहिल्या वर्षी जमतं, ते शंभर वर्षांच्या लीगला का जमू नये?

पुन्हा डेट्रॉइटकडे येतो. तिथे प्लेऑफच्या सामन्यात बर्फावर ऑक्टोपस फेकायची प्रथा आहे. १९५२ मध्ये ईस्टर्न मार्केटमधल्या मासेविक्रेत्या कुसिमानो बंधूंनी ती सुरू केली. तेव्हा चषकासाठी आठ विजय लागत, म्हणून आठ पायांचा प्राणी. २०१७ मध्ये शहराला नवं, प्रचंड स्टेडियम मिळालं, आणि २०२५ च्या वसंतापर्यंत तिथे रेड विंग्जचा एकही प्लेऑफ सामना झाला नव्हता. २०२४ च्या उन्हाळ्यात मात्र सगळीकडे एकच सूर होता, की केसभर अंतराने हुकलं, पुढच्या वर्षी नक्की. ९१ गुण त्या बोलण्याला आधार देत होते. साठ मिनिटांतले २७ विजय कोणी फारसे मोजत नव्हतं. पुढचा हंगाम सुरू झाला, २६ डिसेंबरला प्रशिक्षक डेरेक लालोंड यांना काढलं गेलं, टॉड मॅक्लेलन आले, आणि संघ ८६ गुणांवर थांबला. त्या मार्चमध्येही तक्त्यात डेट्रॉइट वाइल्ड कार्डच्या जागेजवळच दिसत होतं, आणि लोक पुन्हा बेरीज-वजाबाकी करत बसले होते.