शुक्रवारची दुपार

वेळापत्रक हा कारकुनी विषय आहे, असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत आलो. महाविद्यालयाच्या वेळापत्रक समितीवर आम्हां दोघा मराठीच्या अध्यापकांची वर्णी दर जूनला लागे, आणि आम्ही ते काम कपाळावर आठी घालून उरकीत असू. ही समजूत ढळली ती नाथ पै यांच्यामुळे. मराठी वक्त्यांवर एक व्याख्यान तयार करीत होतो. त्यांची भाषणे वाचायला बसलो आणि त्यांच्या एका विधेयकाच्या तारखांतच अडकून पडलो.

लोकसभेत काय बोलले जाते याची चर्चा सर्वत्र होते. ते कधी बोलायचे हे कोण ठरवतो, याकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. 1952 पासून त्यासाठी कामकाज सल्लागार समिती आहे. सभापतींसह पंधरा जण बसतात आणि कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे ते ठरवतात. आठवडा संपता संपता संसदीय कामकाज खात्याचे मंत्री पुढल्या आठवड्याच्या शासकीय कामकाजाची यादी सभागृहात वाचून दाखवतात. मग सदस्य एकेक करून उठतात आणि आपला विषय त्यात घालावा अशी विनंती करतात. कुणाचा रेल्वेपूल असतो, कुणाचा कांदा. विनंती ऐकून घेतली जाते; यादी मात्र सरकारची.

दिवसाची सुरुवात अकराला प्रश्नोत्तराच्या तासाने होते. तोंडी उत्तरासाठी वीस प्रश्न लावलेले असतात. त्यानंतरचा शून्य प्रहर आम्हांला विशेष प्रिय, कारण कार्यपद्धतीच्या नियमांत तो शब्दच नाही. व्याकरणाने न स्वीकारलेला आणि बोलीत पक्का रुळलेला असा प्रयोग राज्यकारभारातही सापडावा, याचे भाषेच्या माणसाला अप्रूप वाटणारच. याउलट अर्थसंकल्पाच्या वेळचे 'गिलोटिन' वाचताना अंगावर काटा येतो. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सगळ्या अनुदानाच्या मागण्या एकदम मताला टाकायच्या, चर्चा नाही. 2018 च्या मार्चमध्ये तर एकाही मंत्रालयाच्या मागण्यांवर चर्चा न होता त्या संमत झाल्या. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास आणि अशासकीय कामकाज ही दोन्ही वगळण्यात आली. कारण साथीचे होते. पण वेळ कमी पडली की आधी काय गळते, तेही त्यात दिसले.

हे अशासकीय कामकाज म्हणजे शुक्रवारचे शेवटचे अडीच तास. मंत्री नसलेला कोणताही सदस्य, मग तो सत्ताधारी पक्षाचा का असेना, येथे अशासकीय. एका शुक्रवारी विधेयके, दुसऱ्या शुक्रवारी ठराव. कुणाची पाळी आधी, ते सोडतीने ठरते. तोवर अनेकांनी मतदारसंघाची गाडी धरलेली असते. गणपूर्तीची घंटा वाजवून एक दशांश सदस्य गोळा करण्याची वेळही येते. स्वातंत्र्यानंतर अशा विधेयकांपैकी केवळ चौदांचे कायदे झाले, त्यांतला शेवटचा 1970 साली.

नाथ पै यांचे विधेयक याच अडीच तासांतले. फेब्रुवारी 1967 मध्ये गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला : मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. त्याच एप्रिलमध्ये राजापूरच्या या खासदाराने संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार परत मिळावा म्हणून विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, परत आले, चर्चेला लागले, रेंगाळले. डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर विधेयकही संपले. पुढल्याच महिन्यात बेळगावात नाथ पै गेले. जुलै 1971 च्या अखेरीस त्याच आशयाची चोविसावी घटनादुरुस्ती सरकारने आणली आणि संसदेने ती ऑगस्टमध्ये संमत केली. विधेयकाचा आशय आम्हांला सर्वस्वी पटतो असे नाही. केशवानंद भारती निकालाने 1973 साली त्या अधिकाराला घातलेली मर्यादा आम्हांला मोलाची वाटते. पण एकच गोष्ट शुक्रवारी दुपारी साडेतीन वर्षे अडते आणि सरकारी दिवशी काही दिवसांत पार पडते, हे विसरता येत नाही.

कारण आम्हीही एक शुक्रवार तयार केला होता. लोकसाहित्याच्या ऐच्छिक अभ्यासपत्रिकेला अकरा विद्यार्थी होते. मोठ्या वर्गांना खोल्या हव्यात म्हणून तिचा तास आम्ही शनिवारी शेवटचा लावला, दुपारी पाऊण वाजता. आमच्या बहुतेक मुली एसटीने येणाऱ्या. साडेबाराची गाडी चुकली की पुढची अडीचला. दिवाळीपर्यंत वर्गात चार जणी उरल्या. दुसऱ्या वर्षी 'अल्प प्रतिसाद' असा शेरा पडून अभ्यासपत्रिका बंद झाली. तो शेरा वाचून आम्ही विद्यार्थ्यांच्या अभिरुचीविषयी बरेच हळहळलो होतो.

नाथ पैंच्या तारखा वाचून झाल्यावर त्या वर्षीची फाइल काढली. तीत एक अर्ज निघाला. तास बुधवारी सकाळी घ्यावा, अशी विनंती. खाली अकरा सह्या. समासात आमच्याच अक्षरात लिहिले होते : 'नोंद घेतली.'